मामांचं पाचटाचं विरजण

आमचे मामा निळ्या पिंपाला कान लावून बसायचे. मामा म्हणजे माझे सासरे. लग्न होऊन मी तेरजवळच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, कुठं येऊन पडले मी! त्यांनी मान न उचलता मला हातानं बोलावलं. "ऐक की. बोलतंय." आत शेण, गूळ, डाळीचं पीठ आणि कुजक्या पाचटाखालची माती कालवलेलं पाणी बारीक बुडबुडत होतं. वासाचं तर विचारूच नका.

साखर कारखान्यात मळी आंबवायच्या टाक्यांवर मामांची सगळी नोकरी झाली. डोळ्यांना न दिसणारे जीव मळीतून स्पिरिट कसं काढतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. त्यामुळं ऊस तुटल्यावर लोक वाळलेल्या पानांचं पाचट पेटवून देतात, याचा त्यांना भारी राग. "अरे, भरल्या ताटाला कुणी काडी लावतं व्हय?" असं म्हणायचे. पिंपातलं पाणी शिंपडलं की पाचट सरीतच कुजून खत व्हायचं. त्या पाण्याला ते विरजण म्हणत. थोडं मागं ठेवायचं, त्यातच नवं कालवायचं. असं ते पिंप कित्येक वर्षांत रिकामं झालं नव्हतं. थंडीत ते त्याला वाकळ गुंडाळत. "मला कधी इतकं जपलं न्हाय," असं सासूबाई कुरकुरायच्या.

माझ्या लग्नाच्या त्या वर्षी आमच्या रानाशेजारचे भाऊराव पहिल्यांदाच कबूल झाले. "मामा, यंदा काडी न्हाय लावत. पण विरजण वक्तावर द्या." त्यांच्या मागं आणखी पाच-सहा जण तयार झाले. मामांनी सगळ्यांना शब्द दिला आणि दोन दिवसांसाठी परंड्याला लेकीकडं गेले.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घर धुऊन काढतात. वाकळा, भांडी, पाट, डबे, काही म्हणून सुटत नाही. माझं सासरचं पहिलंच नवरात्र, आणि सून कामाची आहे हे दाखवायची हौस. असलं घाणेरडं पिंप घरात ठेवून देवी कशी बसवायची? मी ते परसात ओतलं, फिनेल टाकून लखलखीत घासलं आणि अंगणात पालथं घातलं. मामा आले की नवं कालवतील, एवढीच माझी अक्कल!

मामा आले. त्यांनी पिंपावर हात फिरवला, हाताचा वास घेतला.

"फिनेल?"

"व्हय मामा."

ते तिथंच खाली बसले. मला रडू फुटलं. मग म्हणाले, "गावात बोलायचं न्हाय. माझ्या हातनं सांडलं म्हणायचं. देवीची आन हाय तुला."

नवं विरजण घातलं, पण ते काही जोर धरेना. तोवर भाऊरावांचा ऊस तुटला. मामा रोज त्यांच्या बांधावर जाऊन "आठ दिवस थांब" म्हणून विनवायचे. पाचटापायी खोडव्याला, म्हणजे तुटल्या बुडख्यातून फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायचं खोळंबलेलं, भाऊराव थांबून थांबून थांबणार किती? शेवटी त्यांनी पाचट पेटवलं आणि मग बाकीच्यांनीही. मामा दारात उभे राहून धूर बघत होते. त्यांच्याकडं बघायचं मला धाडस होईना.

"म्हाताऱ्याच्या हातात आता काय ऱ्हायलं न्हाय," असं गावात सुरू झालं. पुढं विरजण झकास जमलं, पण न्यायला कुणी येईना. मी मामांना कितीदा म्हटलं, मला खरं सांगू द्या. एकदा म्हणाले, "पोरी, तुला इथं जल्म काढायचाय. माझं किती ऱ्हायलंय?"

मामा जाऊन दोन वर्षं झाली. विरजण आता मी राखते. यंदा भाऊराव आपणहून कॅन घेऊन आले. मी तो भरून दिला, तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताला गुण हाय. मामांचा हात शेवटी शेवटी..."

मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. देवी मला क्षमा करो, आन मोडली मी.

"मामांच्या हातनं काही सांडलं नव्हतं. पिंप मी ओतलं होतं, घट बसवायचे म्हणून. त्यांनी मला बोलू दिलं नाही."

भाऊरावांनी कॅन खाली ठेवला. टोपी काढून हातात घेतली.

"म्या त्यांना चार माणसांत खुळं म्हातारं म्हणलं, वहिनी," ते म्हणाले. "अन् ते हसले."