सगळ्यांच्या चपला एका रांगेत

आमच्या भागात एखादी शाळा मॉन्टेसरी आहे की नाही, हे भिंत बघून ठरतं. भिंतीवर बदक काढलेलं असेल तर ती मॉन्टेसरी. बदकाच्या डोक्यावर टोपी असेल तर इंग्लिश मीडियम मॉन्टेसरी. मी नोकरीभर हायस्कुलात मराठी शिकवलं. त्यामुळे लहान मुलांच्या शाळांबद्दल माझं ज्ञान बदकापुढे कधी गेलं नव्हतं, आणि नात होईपर्यंत त्याची गरजही पडली नव्हती.

नात पहिल्यांदा अशाच एका बदकाच्या शाळेत गेली. वर्षअखेर तिथे पदवीदान समारंभ झाला. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना काळे झगे आणि डोक्यावर चौकोनी टोप्या. प्रमुख पाहुणे रीतीप्रमाणे उशिरा आले आणि रीतीप्रमाणेच लांबलचक बोलले. उद्याचा देश तुमच्या खांद्यावर आहे, असं त्यांनी मुलांना सांगितलं तेव्हा त्या खांद्यांवरून झगे घसरत होते. नातीची पाळी आली. तिला मागून कुणी पुढे ढकललं, समोरून फोटोवाल्याने ओरडून हसायला सांगितलं, आणि तिला स्टेजवरच शू झाली. लोक हसले. त्यात दुष्टपणा नव्हता, समारंभात हसायची संधी कमीच मिळते. पण त्या दिवसापासून ती घराबाहेर बोलायची बंद झाली.

घरात अखंड बडबड. मांजराशी, कुकरशी, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईशी. उंबरा ओलांडला की तोंड मिटलेलं. डॉक्टरांनी कान बघितले, जीभ बघितली आणि वेळ द्या म्हणाले. शाळेने त्या दिवसाचा फोटो फ्रेम करून घरी पाठवला. तो अजून पलंगाखाली आहे.

वेळ द्यायचा, पण आणायचा कुठून? माझी मुलगी घोरावाडी स्टेशनात तिकीट खिडकीवर काम करते, कधी पहाटेची पाळी, कधी दुपारची. जावई गुजरातेत एका कारखान्यात आहेत. लोणावळ्याच्या घरात मी आणि माझे नव्याने बसवलेले दोन गुडघे. सांभाळणारं एवढंच.

अशा वेळी माझे व्याही पुढे आले. ते पवन मावळातले. देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी करून निवृत्त झाले आणि आता गावी भात करतात. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो. ते एका रविवारी येऊन बसले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "बाई, शाळंचं लय झालं. माज्याकडं गाय हाय, वासरू हाय, घरात माणसं हायत. पोरगी चार दिसांत बोलाया लागंल. दिवाळी झाली की घिऊन जातो."

त्यांच्या म्हणण्यात चूक काढता येत नव्हती, हाच त्यातला खरा त्रास होता. गावात ती आनंदात राहिली असती. फक्त आईला ती साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी भेटली असती, आणि सुट्टी रद्द झाली तर तेवढीही नाही. मुलगी आबांना हो म्हणाली. मग दूध तापवायला ठेवून गॅसजवळ उभी राहिली आणि समोर दूध उतू गेलं तरी तिच्या लक्षात आलं नाही. रात्री मला म्हणाली, "दिवाळीपर्यंत एक शाळा अजून बघू. नाही जमलं तर पाठवते. मग मी रडणार नाही."

ही दुसरी शाळा तुंगार्लीत होती, तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर. शनिवार-रविवारी पर्यटक फाटकासमोर गाड्या लावून जातात, ते सोडलं तर शांत जागा. भिंतीवर बदक नव्हतं. मला ते जरा चुकल्यासारखंच वाटलं. बुटकी उघडी कपाटं, त्यात एकेक वस्तू: लाकडी ठोकळे, गुंड्या लावायच्या चौकटी, डाळ ओतायच्या दोन वाट्या, पाण्याचे खरे काचेचे पेले. प्रत्येक वस्तू एकच. दुसऱ्याला हवी असेल तर त्याने थांबायचं. शाळा चालवणाऱ्या ताई जमिनीवर बसत आणि हळू बोलत. हळू बोलणाऱ्या माणसांचा मला आधीपासून संशय येतो. आमच्या हायस्कुलात बदलीची बातमी नेहमी हळू आवाजातच दिली जायची.

पहिल्या दिवशी नात व्हरांड्याच्या पायरीवर बसली. तिथेच बाजूला चपलांची मांडणी होती. ती आत गेली नाही. ताई आल्या, तिच्या उंचीला खाली बसल्या, आलीस का म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. दार उघडंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. त्या आठवड्यात तेच. त्यानंतरही तेच. मी अंगणातल्या फणसाखाली बाकावर बसून हा शिक्षणक्रम पाहत होते.

शेवटी मी ताईंना विचारलं, तिला आत बोलवत का नाही.

"ती कामात आहे," ताई म्हणाल्या.

"कसलं काम?"

"बघतेय ना."

हा संवाद मी घरी नक्कल करून दाखवला. मुलगी हसली, पण थोडंसंच. दिवाळी जवळ येत होती. आम्ही पायरीवर बसवण्यासाठी नातीला रोज तुंगार्लीला नेतोय, हे आबांना सांगायची माझी तयारी नव्हती. शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी माझी चेष्टा करत, "बाई, तुमी तरी आत या. दोगी भाईर बसल्यावर शाळंनं शिकवायचं कुनाला?"

पायरीवरून आतलं सगळं दिसायचं, हे मात्र मला हळूहळू कळलं. दारासमोरच मुलं चटई अंथरायची आणि त्यावर लाल रंगाच्या लाकडी पट्ट्या लावायची, सगळ्यात आखूड आधी, मग जरा लांब, मग आणखी लांब. चुकलं तर रांगेला पोक यायचं. ते मुलालाच दिसायचं आणि तेच दुरुस्त करायचं. ताई जवळ बसूनही बोट दाखवत नसत. आयुष्यभर लाल पेनने दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यावर घर चालवलेल्या बाईला हे बघवत नाही. मी फणसाकडे बघत बसायची.

कधी कधी ताई सगळ्यांना गप्प बसून ऐकायला सांगत. मुलं डोळे मिटून बसत. मग एक-एक जण, काय काय ऐकू आलं, ते सांगे: पानं, दूरची गाडी, मावशींच्या बांगड्या. नात पायरीवर डोळे मिटून बसायची. बोलायची मात्र नाही. कोजागरीच्या पौर्णिमेला आम्ही बुद्धविहारात वंदनेला गेलो. आमच्या विहारात शांततेची सुरुवात माइकवर 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणून होते. त्या गोंधळात ही पोरगी मांडी घालून, डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून बसली. माझी मुलगी तिच्याकडे बघत राहिली. त्या रात्री तिने नातीचे कपडे भरायला घेतलेली पिशवी पुन्हा कपाटावर टाकली.

दिवाळी झाली. नात पायरीवरच होती. आबांचा फोन आला आणि पिशवी कपाटावरून खाली आली.

ज्या दिवशी आबा न्यायला येणार होते, त्याच दिवशी शाळेत पालकांनी मुलांचं काम बघायला यायचं होतं. बघायचं म्हणजे भिंतीशी बुटक्या स्टुलांवर बसायचं आणि गप्प राहायचं. भाषण नाही, सत्कार नाही, नारळ नाही. असा कार्यक्रम मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला तो मनापासून आवडला. मुलगी दुपारच्या पाळीआधी आली होती. आबा जीप घेऊन आले, पिशवी जीपमध्ये ठेवली आणि आत यायला नको म्हणाले. बुटांच्या नाड्या कोण सोडणार, हे त्यांचं कारण. डेपोतल्या नोकरीपासून ते नाड्यांचे काळे बूट घालतात आणि निवृत्तीनंतरही त्यांना रोज पॉलिश करतात. ते फणसाखाली माझ्या बाकावर बसले. बाकी आम्ही सगळे चपला-बूट मांडणीवर ठेवून आत गेलो.

अर्ध्या तासाने पालक उठले आणि दारापर्यंत जाऊन थांबले. दारात ताई उभ्या होत्या.

व्हरांड्यात मांडणी रिकामी होती. नातीने सगळ्यांच्या चपला खाली काढल्या होत्या आणि ती त्यांची एक रांग लावत होती. भिंतीपासून सुरुवात, आधी तिची स्वतःची सँडल, मग इतर मुलांच्या, मग मावशींच्या रबरी स्लिपर, मग माझ्या. एक चप्पल दुसरीला टाचेशी भिडवून बघायची, मान तिरकी करायची, बदलायची. रांग भिंतीपासून पायरीकडे वाढत चालली होती.

एका रिसॉर्टवाल्या गृहस्थांची मीटिंग होती. त्यांनी पाऊल पुढे टाकलं. ताई कुजबुजल्या, "काम चालू आहे. संपलं की घ्या."

"माझे बूट आहेत ते," तेही कुजबुजले.

"हो. तिला लागतायत."

त्यांनी टाकलेलं पाऊल मागे घेतलं. अशी अडवणूक फक्त अशाच शाळेत होऊ शकते. दुसऱ्या कुठल्याही शाळेत मुलीला उचलून बाजूला केलं असतं आणि पालकांची माफी मागितली असती. इथे तुंगार्लीतली बरी-बरी माणसं अनवाणी, एकमेकांच्या पायांकडे बघत, एका चार वर्षांच्या मुलीचं काम संपायची वाट पाहत उभी होती. कुणाच्या मोज्याला भोक होतं, तेही सगळ्यांना दिसलं. माझ्या मुलीने घड्याळ बघितलं. तिची लोकल निघायची वेळ झाली होती. मी तिला खुणेने जा म्हटलं. तिने नकारार्थी मान हलवली. तिचीही चप्पल रांगेत होती, पण ते कारण नव्हतं.

शेवटी एका उंच, तरुण बापाचे पांढरे खेळाचे बूट लागले. रांग संपली असं वाटलं. नात उठली. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. मग वर बघितलं, आणि तिला अंगणात आबांचे बूट दिसले. आबांच्या पायात.

ती पायरी उतरली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, बूट काढा."

आवाज मोठा नव्हता. पण ती घराबाहेर होती, आणि अंगणात इतकी शांतता होती की तो सगळ्यांना ऐकू आला. माझ्या मुलीने माझं मनगट धरलं. माझे हात टाळ्या वाजवायला उचलले गेले होते. ते तिने धरले की मीच आवरले, मला आठवत नाही.

आबांनी एकदा तिच्याकडे, एकदा दारातल्या त्या अनवाणी मंडळींकडे बघितलं. मग ते वाकले आणि नाड्या सोडू लागले. वेळ लागला. ती थांबली. वस्तू एकच असली की थांबायचं असतं, हे तिने पायरीवर बसून बघितलं होतं.

"ठिवू का तितं?" आबांनी विचारलं.

"नाही. मी ठेवते."

तिने ते जड बूट एकेक करून नेले आणि रांगेच्या शेवटी लावले. मान तिरकी केली. रांगेला पोक आलं होतं. त्या तरुण बापाचे पांढरे बूट आबांच्या बुटांहून बोटभर लांब होते. आपल्या पायांच्या मापाचा आबांना अभिमान होता, डेपोत त्यांच्या मापाचा बूट मागवावा लागे असं ते सांगत. ती क्षणभर थांबली. आम्ही सगळे थांबलो. मग तिने आबांचे बूट उचलून एक जागा अलीकडे आणले.

आबा अनवाणी पायरीपर्यंत आले. त्या तरुणाला म्हणाले, "काय खाता वो तुमी?"

त्या बिचाऱ्याने पाय एकमेकांवर ठेवून लपवायचा प्रयत्न केला.

नातीने हात फ्रॉकला पुसले. ताई शाब्बास म्हणाल्या नाहीत. त्या दारातून बाजूला झाल्या, इतकंच. माणसं आपापल्या चपला उचलू लागली आणि रांग विरळ होत गेली. मला वाटलं, आता ही रडणार. ती आत गेली, पहिल्यांदाच, लहान केरसुणी घेऊन आली आणि जिथे रांग होती तिथली माती लोटू लागली. मावशींनी पाय उचलून तिला जागा करून दिली.

मुलीची लोकल गेली होती. साहेबांना फोन करून ती पुढच्या गाडीने गेली. काय बोलणी खाल्ली, ते तिने मला सांगितलं नाही, आणि त्या दिवशी तिला त्याचं काही वाटलं असेल असं मला वाटत नाही.

व्हरांड्यात शेवटी आबांचेच बूट उरले. ते पायरीवर, नेमके नातीच्या जागेवर बसले आणि नाड्या बांधू लागले. मी शेजारी उभी होते. विचारायचं होतं ते एकच, आणि त्याचा धीर नव्हता.

"बाई," ते नाडीकडेच बघत म्हणाले, "जीपमधली पिशवी काडून देतो. तुमाला उचलायची न्हाई."

त्यांनी ती स्वतः घरापर्यंत आणून दिली आणि पुन्हा कपाटावर ठेवली, भिंतीला लावून, सरळ. वासरू बघायला नात आता सुट्टीत गावी जाते आणि तिथे अख्ख्या आळीशी बोलते. शाळेत ती अजून कमीच बोलते. ताईंना त्याची घाई नाही, आणि आता मलाही नाही.

मी पुष्कळ समारंभांना कंटाळले आहे आणि पुष्कळ आभारप्रदर्शनं ऐकली आहेत. आयत्या वेळी कुणाचं तरी नाव राहतंच. म्हणून हे लिहून ठेवते. आभार त्या ताईंचे, की त्यांनी दार उघडं ठेवलं आणि हाक मारली नाही. त्या रिसॉर्टवाल्या गृहस्थांचे, की ते अनवाणी थांबले. आणि आबांचे. ते हल्ली शाळेत आले की पायरीवर बसून आधी नाड्या सोडतात, बूट मांडणीवर ठेवतात आणि कुणी न सांगता आत स्टुलावर जाऊन गप्प बसतात.