गुरुजींच्या हातची तारीख

पडेगावात एक जूनला निम्म्या गावाचा वाढदिवस असतो. याला ग्रहमान कारण नाही, हेमचंद्र पाटोदकर गुरुजी कारण आहेत. तीस वर्षं शहरातल्या गुलमंडीतून सायकलीवर येऊन त्यांनी गावच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला. आईबाप पोराला आणून उभं करत, जन्मतारीख विचारली की "पोळ्याच्या आसपास" किंवा "लई पाऊस झाला त्या साली" म्हणत, आणि गुरुजी शांतपणे एक जून लिहीत. मुलगी असली तर सालही जरा मागं ढकलत, म्हणजे ती कागदावर सहाची होई. घरी राहिलेली पोर धाकट्याला काखेत घेते आणि शाळेला कायमची मुकते, हे त्यांनी फार वेळा पाहिलं होतं. या खोट्याचं त्यांना कधी पाप वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडा गर्वच होता.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या पारावर बसतात. गुरुजींनी रस्ता धरला. तरुणपणी जिल्ह्याच्या सायकल शर्यती मारलेला माणूस तो. आता सकाळी सहा-सात पोरापोरींना पडेगावहून दौलताबाद आणि पुढं घाटापर्यंत पिटाळायचा, आणि मागून स्वतः लुनावर यायचा. शिकवण्याची तऱ्हा मात्र मास्तरकीचीच. चढ लागला की हुकूम सुटे, "एकोणतीसचा पाढा!" ज्याला पाढा म्हणता येतो त्याच्या छातीत दम शिल्लक आहे, त्यानं वेग वाढवायचा. ज्याचा पाढा तुटला त्यानं पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा. 'एकोणतीस सत्ते' आलं की भल्याभल्यांची बोबडी वळे.

मनकर्णाची वळत नसे. पेरूच्या बागेवाल्या बद्रीनाथची ही थोरली लेक, आजीचं नाव ठेवलेली, बोलायला कमी आणि पायाला भारी. २००४ साली राज्याच्या निवडीत अठरा वर्षांखालच्या मुलींत ती पहिली आली. आता राष्ट्रीय स्पर्धा. तिथं डोळ्यांत भरणाऱ्या मुलींना दिल्लीच्या शिबिरात घेणार होते. सायकल त्यांची, खाणं त्यांचं, शिकवणारेही त्यांचे. बद्रीनाथनं आधीच सांगून टाकलं होतं, "यंदा झालं तर झालं, गुरुजी. नाय तर वाळूजला कंपनीत लावतो तिला."

राज्यात सायकल संघटनेच्या ओळखपत्रावर भागलं होतं, पण राष्ट्रीय स्पर्धेच्या अर्जाला शाळेचा दाखला लागत होता. गुरुजी अर्ज भरायला बसले आणि तारखेच्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. एक जून १९८६. म्हणजे पोरीला अठरा पुरी झालेली, गटातून बाद. पण तिचा जन्म सत्त्याऐंशीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. तिच्या आईनं, वच्छलाबाईनं, शाळेत नाव घालताना हे नीट सांगितलं होतं, आणि गुरुजींनी नीट ऐकून सव्वा वर्षानं मोठी केली होती. दाखला हल्लीचा होता, तारीख मात्र त्यांच्याच रजिस्टरातून उतरलेली.

ते तसेच शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, दुरुस्ती होते, पण तीन-चार महिने लागतील. अर्जाला आठ दिवस उरले होते. संघटनेचे आप्पासाहेब समजूतदार माणूस. ते म्हणाले, "गुरुजी, नवा जन्मदाखला आणवू कुठून तरी. पोर खरंच सतराची आहे, मग खोटं कसं होईल?"

गुरुजी दहा वर्षं प्रत्येक शर्यतीत मिसरूड फुटलेली पोरं लहान गटातून ओढून बाहेर काढत आले होते. "खऱ्यासाठी खोटा कागद नको," ते म्हणाले. "तिला मोठ्या बायकांच्या गटात घाला."

हे मनकर्णाला सांगणं मात्र जड गेलं. बागेत ती साखळीला तेल देत होती. गुरुजी उभ्यानंच म्हणाले, "तुझं साल मी चुकवलं, पोरी." आणि सगळं सांगितलं.

"म्हंजी रेल्वेच्या संघातल्या बायांसंगं पळायचं मी?"

"हो. अंतरही दुप्पट."

तिनं तेलाची बाटली बाजूला ठेवली. सायकल घेऊन घरात गेली. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आली नाही, तिसऱ्याही नाही. गुरुजींना अन्न गोड लागेना. ज्या गोष्टीचा उभा जन्म गर्व केला तिचीच आता त्यांना लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी ती पडेगावच्या फाट्यावर उभी होती.

"अंतर दुप्पट म्हनल्यावर पाढा बी मोठा लागंल," ती म्हणाली.

गुरुजींनी तिला औटकी दिली. साडेतीनचा तो पाढा आता मास्तरांनाही येत नाही.

स्पर्धा राजस्थानात होती. गुरुजी शेवटापासून दोन किलोमीटर अलीकडं रस्त्याच्या कडेला थांबले होते. आठ जणींचा घोळका आला. सगळ्यांत मागं, पुढचीच्या चाकाला चिकटलेली मनकर्णा. तोंड रापलेलं, डोळे रस्त्यावर, आणि ओठ हलत होते. गुरुजी लोकांच्या देखत मोठ्यानं औटकी म्हणू लागले.

ती पाचवी आली.

संध्याकाळी निवड समितीचे एक गृहस्थ कागद घेऊन आले. पोरगी शिबिराला हवी होती. त्यांनी हिंदीत विचारलं, "अजून लहान दिसते. वय काय?"

"सतरा," गुरुजी म्हणाले. "दाखल्यावर अठरा आहे. ते साल मी चुकीचं घातलं."

गृहस्थ हसले. "मास्तरजी, वय कमी सांगणारे मला रोज भेटतात."

गुरुजींचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना खोटारडं ठरवत होतं, आणि तेही खरं बोलल्याबद्दल.

मनकर्णा पुढं झाली. "दाखल्यावरचंच लिवा, साहेब." मग गुरुजींकडं वळून, जरा हळू, "राहू द्या, गुरुजी. त्या साली तुमी नाव घातलं नसतं तर धाकट्याला काखंत घिऊन घरीच बसले असते मी. मंग सायकल कुटली आन् दिल्ली कुटली?"

गुरुजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. गृहस्थांनी तोवर अर्जावर लिहून टाकलं होतं: एक जून.