आसरा गेल्या ती दुपार

अनुभवधारकाचे संपूर्ण नाव : श्रीमती बानाबाई धोंडिबा शिंगाडे. वय : चौसष्ट (अंदाजे). राहणार : खंडेरावाची वस्ती, दौलताबादपासून सहा किलोमीटर. व्यवसाय : मेंढ्या राखणे. अनुभवाचा प्रकार : आत्मा, स्त्री. संख्या : सात. स्थळ : विहीर, जुनी. अनुभव सांगताना अनुभवधारकास रडू येते काय : नाही. अनुभवानंतर आयुष्यात झालेला बदल : (नंतर भरणे).

हा अर्ज मोनिकाने भरला. मोनिका शहरातली, सिडकोत राहणारी; एका वाहिनीच्या भुताखेतांच्या कार्यक्रमासाठी प्रत्यक्ष अनुभव आलेली माणसं शोधून देणं हा तिचा धंदा होता. आठवड्याला दोन माणसं लागत. दौलताबादच्या किल्ल्यावर तिने चार दिवस घालवले, पण एवढा अंधारा किल्ला असून एकाही गाइडला काही दिसलेलं नव्हतं. शेवटी पायथ्याच्या चहावाल्याने बानाबाईचं नाव सांगितलं. तिला बहात्तरच्या दुष्काळात विहिरीवर आसरा, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या साती देवता, दिसल्या होत्या, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं आणि त्यात कोणाला फारसं नवल वाटत नव्हतं. विहीर म्हटली की आसरा असायच्याच.

आता साल होतं दोन हजार तेरा, आणि पुन्हा दुष्काळ होता. बानाबाईच्या साठावर मेंढ्यांतल्या एकोणीस उरल्या होत्या. चराईच्या माळावर पांढरे दगड रोवून प्लॉट पडले होते. बांधकामाला पाणी नेणारे टँकर दिवसभर वस्तीवरून जात, आणि मागच्या नळातून गळणाऱ्या धारेपाठी तिच्या मेंढ्या धावत. टँकर थांबत नसे. तो वस्तीचा नव्हता.

वस्तीचा टँकर मंजूर व्हावा म्हणून बानाबाई तीनदा कचेरीत जाऊन आली होती. मिळाला तर एकोणीस मेंढ्या जगणार होत्या. नाही तर त्या विकायच्या आणि वाळूजला मुलाच्या, रामेश्वरच्या, एका खोलीत जाऊन पडायचं. टंचाईच्या टेबलावर काकासाहेब नावाचे कारकून बसत. माणूस वाईट नव्हता, कागद बघून बोलायचा.

"आजी, ऑक्टोबरात पाहणी झालीय. तुमच्या विहिरीत पाणी उपलब्ध हाय."

"कागदावर असंल. विहिरीत नाय."

"अहो, एवढी ओरड असती तर टीव्हीवर आली असती. रोज दाखवतात, हे गाव, ते गाव. तुमची वस्ती दिसली का कुठं?"

बानाबाईने विचार केला. नव्हती दिसली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वस्तीवर जीप आली आणि तिच्यावर वाहिनीचं नाव होतं. टीव्हीवाले दोन प्रकारचे असतात हे रामेश्वरने तिला सांगितलं असतं. पण रामेश्वर कंपनीत शिफ्टला होता.

दिग्दर्शकाचं नाव विश्वजीत. त्याने बानाबाईला विहिरीच्या काठावर बसवलं.

"किती वाजले होते, आजी?"

"सूर्य डोक्यावर होता."

"आपण रात्र म्हणूया?"

"रातच्याला कशाला निघतील त्या? आसरांची येळ भर दुपारची. म्हणून तर आम्ही दुपारी विहिरीत पोहरा सोडत नाय."

"बरं. मग काय दिसलं?"

"सात जणी. एकीमागं एक पायऱ्या चढून वर आल्या. डोक्यावर गाठोडी. मला वाटलं, खडी फोडायला चाललेल्या बाया. पण पातळं वली, अन् खाली एक थेंब नाय. माझ्याकडं बघितलंबी नाय. शहराच्या वाटंनं गेल्या निघून. दुसऱ्या दिशी विहीर आटली."

विश्वजीतने मोनिकाकडे पाहिलं. मोनिकाने वहीकडे पाहिलं.

"पण तुम्ही घाबरलात ना?"

"व्हय. गेल्या म्हणून भ्याले. त्या हायेत तवर पाणी हाय."

"आजी, आपल्या कार्यक्रमात भूत येतं. निघून जाणारं भूत कोण बघणार?"

"भूत म्हणू नका, बाबा. देवता हायेत त्या."

"देवता तर देवता. पण येऊ द्या त्यांना. आता पण आहेत का खाली?"

"आता कशाला थांबतील? तळ बघा की."

विश्वजीतने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "बापरे! तळ पाहिजेच आपल्याला. कॅमेरा दोरीने खाली सोडू."

बानाबाई सावरून बसली. "तळ टीव्हीवर दाखवणार?"

"दाखवणार म्हणजे!"

"भेगा दिसल्या पायजेत."

"दिसतील, आजी."

"मग लिव्हा रात," बानाबाई म्हणाली.

भर उन्हात, कॅमेऱ्यावर निळी काच लावून, बानाबाईने सांगितलं की अमावास्येला रात्री बारा वाजता सात बाया पाण्यातून वर आल्या आणि त्यांनी तिला नावाने हाक मारली. तिसऱ्या वेळेला तिला ते चांगलं जमलं. मग कॅमेरा खाली गेला. छोट्या पडद्यावर तिने स्वतःच्या विहिरीचा तळ पाहिला : हातभर रुंद भेगा, एक फुटकी घागर, चामड्यासारखा वाळलेला बेडूक. तीन खेपा कचेरीत जे सांगून पटलं नाही ते चौकटीत फार नीट बसलं होतं. बेडूक पुन्हा एकदा घ्या, असंही तिने सुचवलं.

जीप गेल्यावर काठावरच्या सात शेंदरी दगडांपुढे तिने बांगड्या ठेवल्या. "बायांनो, खोटं बोलले," ती म्हणाली. "पण पाण्यासाठीच बोलले."

कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपण रविवारी भर दुपारी होतं, म्हणजे आसरांच्याच वेळेला. वस्तीतला एकुलता टीव्ही शेजारच्या आवडाबाईकडे. सगळी वस्ती तिथे दाटीवाटीने बसली. तरुण बानाबाई पडद्यावर आली, ती कोरी पैठणी नेसून विहिरीवर पाणी भरायला निघाली होती.

"बाने," आवडाबाई म्हणाली, "तू येवढी गोरी कवा होतीस गं?"

"गप. तळ येईल आता."

मग विहीर आली. तिसऱ्या पायरीपर्यंत भरलेली. काळंभोर पाणी, त्यात चंद्र, चंद्रावर तरंग, आणि तरंगातून सात हात वर येत होते. बाजूला संगीत किंचाळत होतं. वस्तीतल्या कोणालाच भीती वाटली नाही. सगळे पाणी बघत होते.

"किती हाय गं," कोणीतरी म्हणालं.

बानाबाई तळाची वाट बघत बसून राहिली. जाहिराती झाल्या. मग नागपूरच्या एका गृहस्थांचं भूत सुरू झालं.

संध्याकाळी तिने मोनिकाला फोन लावला. मोनिका म्हणाली, "आजी, नुसता कोरडा तळ काही भीतीदायक वाटेना हो. मग कम्प्युटरवर पाणी घातलं. मस्त दिसलं ना?"

सोमवारी कचेरीत काकासाहेबांनी तिला स्वतःहून खुर्ची दिली. चहा सांगितला. असं आधी कधी झालं नव्हतं.

"आजी, काल सगळ्या घरानं बघितलं! आमच्या मंडळी तर ओरडल्याच."

"साहेब, टँकरचं तेवढं..."

"आता कसला टँकर? तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"ते त्यांनी घातलंय. कम्प्युटरवर."

"घातलंय? मग आमच्याकडं कशाला येता, त्यांनाच सांगा की रोज दोन खेपा घालायला."

बाजूची टेबलं हसली. काकासाहेबही हसले, पण मग त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी फाइल ओढली आणि एक कोरा कागद पुढे सरकवला.

"हे बघा. विहीर खोटी म्हणायची तर सगळंच खोटं म्हणावं लागंल. 'मी विहिरीवर कधी काही पाहिलं नाही, टीव्हीवर सांगितलं ते सगळं खोटं आहे,' असं लिहून देतो, तुम्ही अंगठा करा. मी फेरपाहणी लावतो. आठ दिवसांत माणूस येईल, टँकर होऊन जाईल."

शाईचा डबा त्यांनी उघडून ठेवला. बानाबाईने अंगठ्याकडे पाहिलं. तिला एवढंच दिसत होतं की रात्र खोटी होती, हाका खोट्या होत्या, पाणी खोटं होतं. पण सात जणी दुपारच्या उन्हात, डोक्यावर गाठोडी घेऊन, तिच्या समोरून गेल्या होत्या. ते पाहणारं दुसरं कोणी नव्हतं. तिनेच नाही म्हटलं तर त्या कधी गेल्याच नाहीत.

"सगळं खोटं नाय, साहेब. फकस्त रात खोटी."

"म्हंजी?"

"दुपार होती."

"आजी, दुपार असो नायतर पहाट. तुम्हाला पाणी पायजे ना?"

"एकदा खोटं बोलले तर पाणी टीव्हीत गेलं," बानाबाई उठत म्हणाली. "दुसऱ्यांदा बोलून कुठं जाईल, कोणाला ठाव."

तिने चहा मात्र संपवला. चार खेपांतला तो पहिलाच होता.

काही दिवसांनी मोनिकाने अर्ज पुरा करायला घेतला. शेवटच्या रकान्यासाठी तिने फोन केला, पण बानाबाईचा फोन लागला नाही. मग तिने आपल्या अनुभवावरून लिहून टाकलं : अनुभवानंतर आयुष्यात झालेला बदल : अनुभवधारक आजही त्या रात्रीच्या धक्क्यातून सावरलेल्या नाहीत.

एकोणीस मेंढ्या गुरुवारी शहरातल्या छावणीच्या आठवडी बाजारात विकल्या गेल्या.