लाल पट्ट्याची अकरा रोपं

त्या दिवशी सकाळी मी आणि बायको रोपं मोजत होतो. एकत्र केलेलं शेवटचं काम ते. विशेष काही घडलं नाही. तिने दोनदा माझी अक्कल काढली आणि एकदा पाणी दिलं.

नानाखेड्याला आमच्या कॉलनीच्या मागे नाला आहे. त्याच्या काठाने कॉलनीच्या समितीने गेल्या पावसाळ्यात इथल्याच मातीतली रोपं लावली होती. पळस, मोह, तेंदू, खैर. लावताना फोटोला सगळी कॉलनी हजर. नंतर दर महिन्याला कोण जगलं, किती वाढलं, हे बघायला आम्ही दोन म्हातारे. ती खुणा केलेली काठी रोपाशी उभी धरायची, मी वहीत आकडा लिहायचो. मी चौथीपर्यंत शिकलेला. अक्षर वाईट आहे, आकडे बरे येतात.

मेलेल्या रोपाशेजारी ठोकलेल्या खुंटीवर रंगाने लाल पट्टा ओढायचा, हे पण माझंच काम. पट्टा दिसला की माळी ते रोप खणून काढणार आणि त्या जागी समिती गुलमोहर लावणार, लवकर वाढतो म्हणून. त्या सकाळी मी अकरा पट्टे ओढले.

"अहो, ही सगळी मेलेली नाहीत," ती म्हणाली.

"एक पान नाही. काडी कडाकड मोडते. मग काय झोपलंय?"

"झोपलंयच. मोह, तेंदू लहानपणी उन्हाळ्यात वरून वाळतात. जीव मुळात असतो. मातीपाशी खरवडून बघा. वर शेंड्याला काय बघताय?"

तिचं माहेर बडवानीकडचं, रानाला लागून. तिला ठाऊक असणार. पण मी देवास गेटला जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा येतो, नाही तर येत नाही. मधलं काही नसतं. हे मी तिला सांगितलं.

"बायको पण पाण्यात बुडवून बघा एकदा," ती म्हणाली. "अक्कल दुकानातच विसरून आलात."

मग ऊन चढलं, तिचे गुडघे बोलायला लागले. माळी दुसऱ्या दिवशी सकाळी खणायला येणार होता. "त्याच्या आधी येऊ, एकेक करून दाखवते," ती म्हणाली. मी म्हणालो, "बघू." हरलो की मी "बघू" म्हणतो, हे तिला पक्कं माहीत होतं. ती हसली.

घरी आलो. वरण-भात, कैरीचं लोणचं. जेवून ती आडवी झाली. तीन वाजता चहा घेऊन गेलो, तर ती गेलेली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. बरं झालं. तिला दवाखाना आवडत नसे. आम्हाला मूलबाळ नाही, अग्नी मीच दिला. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. फ्रीगंजहून माझी वहिनी आली, ती घरीच राहिली.

सकाळी जाग आली ती त्या अकरा पट्ट्यांनीच. बाकीचं दुःख मागून आलं, खरं सांगतो.

समितीला फोन करता आला असता. पण सांगणार काय? जिवंत कुठली, ते मलाच माहीत नव्हतं. दाखवणारी गेली होती. पट्टे मात्र माझ्या हातचे होते. चपला घातल्या.

वहिनी दारात आडवी आली. "कुठे निघालात भाऊजी? सुतक आहे. अग्नी देणाऱ्याने उंबरा ओलांडायचा नसतो."

"झाडांना नसतं सुतक."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारा सटकला. त्यांना तरी कुठे काम आहे?"

वहिनी बाजूला झाली. पाठीमागून म्हणाली, "टोपी तरी घाला, ऊन आहे."

माळी आधीच पोचला होता. फावडं पहिल्या पट्ट्यापाशी टेकवलेलं. मला बघून तो गडबडला. "दादा, आप? आज?"

"रुक जा," मी म्हणालो. "मुझे देखने दे."

गुडघे टेकले, बुंध्याजवळची माती हाताने सारली आणि नखाने साल खरवडली. हिरवं. ओलं हिरवं, काकडीच्या सालीसारखं. मी मोठ्याने शिवी दिली, स्वतःलाच. माळ्याला वाटलं त्याला.

दुसरं हिरवं. तिसरं वाळलेलं. चौथ्याला खरवडायचीही गरज नव्हती, मातीत ज्वारीच्या दाण्याएवढा तांबूस कोंब बसला होता. काल मी त्याच्यावरच उभा राहून पट्टा ओढला असणार. माळी पण खाली बसला, म्हणाला, "दादा, ये तो मैं खोद ही देता." दोघांनी मिळून अकराच्या अकरा बघितली. आठ जिवंत, तीन मेलेली.

आठ खुंट्यांवरचा रंग मी विटेच्या तुकड्याने घासून काढला. वेळ लागला. ती असती तर बडबड करून डोकं खाल्लं असतं, आणि मी ऐकून घेतलं असतं. काम चांगलं झालं, हे मात्र तिने कबूल केलं असतं.

तीन खरंच मेली होती. ती मी माळ्याला काढू दिली नाहीत. फावडं मागून घेतलं, स्वतः खणून काढली, खड्डे मोकळे सोडले. मग घरी जाऊन आंघोळ केली. वहिनीने ताट वाढलं. भूक सडकून लागली होती. दोनदा भात घेतला.