प्रल्हादच्या पानावर

माझ्या नणंदबाई, सुमित्रा एरंडे, जर्सी सिटीत आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक बॅग, एक प्रेशर कुकर आणि हरारची एक रंगीत विणलेली टोपली होती. टोपली त्यांनी हॉलच्या भिंतीवर लावली. मला ती आवडत नव्हती, भयंकर धूळ धरायची. पण वन्संच्या वस्तूला हात लावायची माझी टाप नव्हती. भावाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, विनयच्या आसऱ्याला आलेली विधवा बाई दबून राहील असं मला वाटलं होतं. ही बाई कुणालाच दबली नाही. महिन्याभरात त्यांनी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गल्ल्यावर नोकरी धरली आणि माझ्या वरणात मीठ कमी असतं हे मला रोज ऐकवायला सुरुवात केली.

हरार हे इथिओपियातलं गाव. वन्संचे यजमान प्रल्हादराव तिथल्या शाळेत फिजिक्स शिकवायचे. त्या काळी आपल्याकडचे पुष्कळ मास्तर तिकडे जात. सत्त्याहत्तर साली शेजारच्या सोमालियाशी लढाई पेटली आणि इथिओपियाच्या मदतीला धावलं कोण, तर क्यूबा! केवढासा तो देश, नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जातो. स्वतःच्या घरी तांदूळ रेशनवर, आणि समुद्रापलीकडे दुसऱ्याची लढाई लढायला फौज पाठवली. फौजेबरोबर डॉक्टर पाठवले, औषधं पाठवली. म्हणजे एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात इंजेक्शन. वेळ आली की त्यातलं काय खाली ठेवतात, ते वन्संनी डोळ्यांनी पाहिलं.

गावातल्या इस्पितळात जी तुकडी आली तिचा प्रमुख कॅप्टन रामिरो. डॉक्टरही तोच आणि लष्करी अधिकारीही तोच. त्यांनी एक्स-रेचं मशीन आणलं, पण ते चालू होईना. प्रल्हादराव शाळा सुटली की तिथे जायचे, वायरी ओढायचे, जनरेटरशी झटापट करायचे. गोरगरिबांसाठी इस्पितळ उभं राहतंय म्हणून माणूस नुसता हरखून गेला होता. मशीन चालू झालं त्या दिवशी रामिरोनं त्यांना मिठी मारली म्हणे.

मग एका सकाळी गावाच्या कडेला तोफगोळे पडले आणि एक तुकडा प्रल्हादरावांच्या मांडीत घुसला. वन्संनी शेजाऱ्यांच्या मदतीनं त्यांना हातगाडीवर घालून इस्पितळात नेलं. दारात रामिरो उभा होता. प्रल्हादरावांनी त्याला नावानं हाक मारली. त्यानं पाहिलं, ओळखलं, आणि म्हणाला, "आज फक्त सैनिक." आणि दार लावून घेतलं. प्रल्हादराव त्या अंगणातच गेले.

हे सगळं वन्संनी मला एकदाच सांगितलं, मेथी निवडताना. परत विषय काढायचा नाही, असंही बजावलं.

पंच्याऐंशीच्या थंडीत आमच्या बिल्डिंगला नवा सुपर आला. सुपर म्हणजे बॉयलर, नळ, कचरा, सगळं बघणारा माणूस. हॉलमधला हीटर गार पडला म्हणून मी त्याला बोलावलं. पन्नाशीचा, जाडसर, गोड बोलणारा. हीटर ठोकता ठोकता त्याची नजर भिंतीवर गेली.

"हरार!" तो ओरडलाच. "मी होतो तिथे. इस्पितळ बांधलं आम्ही."

आणि मग त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आमचा देश लहान पण मन मोठं. आम्ही काहीही न मागता रक्त दिलं, औषध दिलं. मी तिथे कॅप्टन होतो, डॉक्टर होतो, इथे माझ्या डिग्रीला कुणी विचारत नाही. ज्या सरकारचे गोडवे गात होता त्यालाच कंटाळून हा माणूस ऐंशी साली क्यूबातून बोटीत बसून पळून आला होता, पण त्या मदतीचा तोरा काही उतरला नव्हता.

"तुमच्याच देशाचा एक टीचर होता तिथे," तो म्हणाला. "माझं मशीन त्यानंच चालू करून दिलं. फार चांगला माणूस. पुढे त्याचं काय झालं कोण जाणे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यानं त्यांना ओळखलं नाही. त्या दिवशी हातगाडी ढकलणाऱ्या बाईकडे त्यानं पाहिलंच कुठे होतं?

"टोपली होय?" वन्सं शांतपणे म्हणाल्या. "कुठल्याशा सेलमध्ये मिळाली."

तो गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, विनयला सांगते, आपण ह्याची कंप्लेंट करू. लँडलॉर्डला फोन करू."

"काय म्हणून कंप्लेंट करशील? दार लावलं म्हणून?" त्या म्हणाल्या. "तू गप्प बस. मी त्याला जेवायला बोलावणार आहे."

मला वाटलं, विष घालतात की काय. खरं सांगते, मी अडवलं नसतं.

पौषात प्रल्हादरावांची तिथी असते. इथे श्राद्धाला ब्राह्मण मिळायची मारामार, म्हणून वन्सं साग्रसंगीत स्वयंपाक करून कुणातरी एकाला जेवू घालायच्या. त्या पानावर जो बसतो तो त्या दिवसापुरता गेलेला माणूस, ही आपली समजूत. त्या वर्षी त्यांनी रामिरोला सांगितलं, आमच्याकडे अमुक दिवशी पाहुण्याला जेवू घालतात, तुम्ही या. तो बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून आला. विनय ऑफिसला गेला होता. घरात आम्ही दोघीच.

वन्संनी वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं केळीच्या पानावर वाढलं. त्याला हातानं खायला शिकवलं. तो खूश होऊन जेवत होता, दर घासाला वाहवा करत होता. दुसऱ्यांदा खीर वाढून वन्सं त्याच्यासमोर बसल्या.

"हे जेवण माझ्या नवऱ्याचं आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुमचं एक्स-रेचं मशीन चालू करून दिलं होतं. तुमच्या दारात गेले ते."

त्याचा हात पानावरच थबकला. तो उठायला लागला.

"उठायचं नाही. आमच्यात या पानावरून अर्धवट उठत नाहीत. जो बसतो तो मेलेला माणूस असतो. आज तुम्ही प्रल्हाद आहात."

नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"सांगा प्रल्हाद, त्या डॉक्टरनं दारात तुम्हाला काय सांगितलं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "आज फक्त सैनिक." आणि रडायला लागला. वरून हुकूम होता, खाटा नव्हत्या, सैनिक जमिनीवर पडले होते, काय काय सांगत राहिला. कदाचित खरंही असेल. मला त्याची दया आली नाही, आणि आली नाही याचं वाईटही वाटलं नाही.

"सेन्योरा, मला माफ करा," तो म्हणाला.

"मी कोण माफ करणार? माझी मांडी फुटली नव्हती. ज्याचा जीव गेला त्याच्याकडे मागा." वन्संनी त्याच्या पानावर आणखी एक वडा वाढला. "तो तुमच्या जागेवर बसलाय. विचारा त्याला. केलं का माफ?"

रामिरोनं पानाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नाही."

"मग जेवा," वन्सं म्हणाल्या. त्यानं पान साफ केलं.

मला वाटलं, आता हा नोकरी सोडून पळेल. पण पळाला नाही. पुढच्या पौषात वन्संनी बोलावलं आणि तो आला. त्याच्या पुढच्या पौषातही आला. बोलावलं की येतो, बसतो, त्याच प्रश्नाला तेच उत्तर देतो, जेवतो आणि खाली बॉयलरपाशी जाऊन बसतो.

या वर्षी तिथीच्या सकाळी तो मला जिन्यात दिसला. पार वाळलाय. कठड्याला धरून चढत होता, आणि मला पाहून भिंतीला चिकटून उभा राहिला. माझ्यासारख्या कडू जिभेच्या बाईलाही कसंसंच झालं. मी वर येऊन म्हटलं, "वन्सं, पुरे आता. या वर्षी कॅन्सल करा ना. सोडा त्याला."

वन्सं वडे थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी कुठे धरून ठेवलंय?" त्या म्हणाल्या. "दर वर्षी विचारते, माफ केलं का म्हणून. तोच नाही म्हणतो."