मिठागरातला मेहुणा

माझ्या मेहुण्याइतक्या नोकऱ्या घालवलेला माणूस पनवेलपासून उरणपर्यंत दुसरा झाला नाही. आई लवकर गेली म्हणून माझ्या बायकोने त्याला लेकरासारखा वाढवला, म्हणजे माझ्या डोक्यावर बसवला. शिंप्याकडे ठेवला, तर आधी बाही की आधी कॉलर यावरून मालकाशी वाद घालून तिसऱ्या दिवशी घरी. मी होतो त्या भातगिरणीत लावला, तर चालत्या पट्ट्यासमोर उभा राहून विचारत बसला, हा तुटला तर आधी कोणाला हाक मारायची? मालकाने विचारलं, हा तुझा कोण? मी शेजारी म्हणून सांगितलं.

शेवटी जासईच्या मिठागरात चिकटवला. तिथे याने खोपीच्या भिंतीवर कोळशाने कामं ओळीने लिहिली. भरती लागली तर पाणी आत घ्यायला बांधाची उघाडी उघडा, ढग दिसले तर आधी मीठ झाका. वाचता येणारा गडी एकच. त्याने उघाडी उघडली आणि बिडी ओढत बसला. बंद कधी करायची ते भिंतीवर नव्हतं. खाडी आत शिरली, तयार मीठ विरघळलं आणि मेहुणा परत माझ्या ओटीवर.

मी बायकोला सांगितलं, आता एकच नोकरी बघणार, ती नाही लागली तर त्याने या घरात राहायचं नाही. ती दोन दिवस जेवली नाही.

तेवढ्यात मुंबईच्या एका कचेरीत खोलीएवढं गणिताचं मशीन आलं. त्याला कामं लिहून देणारी माणसं हवी होती, शिक्षणापेक्षा डोकं तपासून घेणार होते. मी बजावलं, मिठाचं तोंडातून काढू नकोस. बायको म्हणाली, खरं ते सांग. त्याने अर्थात बहिणीचं ऐकलं. साहेबाने विचारलं, मग त्या गड्याला हाकलला का?

"चूक त्याची नाय, सायेब. बंद करायचं मीच लिवलं नव्हतं."

याला तिथल्या तिथे घेतला.

पुढे त्याने मशीनला कामं सांगायची, भोकं पाडलेली कार्डं घरी आणली. बायकोने ती देवाजवळ ठेवून वर हळदकुंकू वाहिलं. हा कळवळला. मशीन त्या गड्यासारखंच हाय, बाय, म्हणाला, सांगू तेवढंच करतं. तिने विचारलं, बिडी ओढत नाही ना?

तिथे तो टिकला. ती गावभर सांगत फिरली.

तिच्या तेराव्याला पाहुणे पांगले. मी त्याला म्हटलं, "राहा आजचा दिवस."

"कामावर जायला पायजे, भावोजी."

नोकरीचा हट्ट माझाच. स्टँडवर सोडायला गेलो. बस गेली तरी तिथेच उभा होतो. घरी जाऊन 'गेला तुझा भाऊ' असं सांगणार कोणाला?