सावलीच्या मागं मागं

"ए म्हातारे, ऊठ. सावली पण आमच्याच बिल्डिंगची आहे."

असं म्हनून साडीच्या दुकानाच्या मालकानं बादली वतली. मी बसले हुते तिथंच. लुगडं भिजलं. कोथिंबिरीच्या जुड्या पान्यात. पाटी उचलली, उठले.

दिल्लीगेटाकडनं सावेडीला जानारा हा मोठा रस्ता. गेटापाशी दाटीचा, म्होरं रुंद हुत जातो. मंग काचंची दुकानं, दवाखाने, बँका. रस्ता वाढवला तवा कडंचे कडुलिंब गेले. आता सावली हाय ती बिल्डिंगींची. उन्हात भाजी लगीच मान टाकती. म्हनून सकाळी मी उगवतीच्या बाजूला, दुपार कलली की मावळतीच्या. पाटी डोक्यावर घेऊन गाड्यांमधनं पल्याड जायचं. हॉर्न, शिव्या. लई वर्सं अशीच. एरवी कुनी ऊठ म्हनायच्या आधीच उठायचे. वाटायचं, कुनाला तरास नको.

एक दिस सकाळी म्युनशिपाल्टीचा यादी करनारा साहेब आला. रस्त्यावर इकनारं कोन कुठं बसतं, मोबाईलवर लिवत हुता. जागा लिवली की कार्ड. मंग कुनी उठवत न्हाई म्हने.

"आजी, जागा कोणती?"

"सावली असंल तिथं."

तो हसला. साडीवाला दारातनं वरडला, "साहेब, हिला कुठली जागा! दिवसभर हिंडते ती. फिरती लिहा, फिरती!"

लोकं हसली. साहेबानं मोबाईलवर बोट नेलं.

बादली सोसली हुती मी. हे न्हाई सोसलं. अंगातनं जाळ गेला. मी गपगुमान उठत गेले, म्हनून मला जागाच न्हाई?

"थांब बाबा," म्हनले. "लिव. ह्या दुकानाच्या म्होरं, लाईटच्या खांबाशी."

"पण तुम्ही दिवसभर इथं बसत नाही ना, आजी."

"आजपसनं बसते. कवाबी येऊन बघ."

त्यानं काय लिवलं न्हाई. "परत येतो, बघतो," म्हनला. गेला.

दुपारी ऊन आलं, डोक्यावर, पाठीवर. साडीवाला घडीघडी दारात येऊन बघायचा. "मरशील, म्हातारे!"

"मरंन. पन हितंच."

गोनपाट भिजवून जुड्यांवर टाकलं. तरी निम्मी भाजी गेली.

साहेब अजून आला न्हाई. कवा येईल म्हाईत न्हाई, म्हनून घटकाभर बी जागा सोडत न्हाई. सावली पल्याड गेली की पाय अजून उठाया बघत्यात. मी त्यास्नी बसवते.